एक्सलेटर सोडला की मागून हुंऽऽ आवाज, पिनियन सील दोनदा बदललं तरी गळतंय. मासेमारी बंदीपर्यंत गाडी काढता येईल का?

हर्णैपिकअप
9 मे, रात्री 10:40

नमस्कार मंडळी, वाचत असतो नेहमी पण लिहितोय पहिल्यांदाच. पिकअप आहे, 2014 ची, डिझेल, मागची चाकं ओढणारी, 1 लाख 86 हजार किमी झालेत. काम म्हणजे हर्णै बंदरावरून मासळी आणि बर्फ भरायचा आणि दापोली करून खेडला टाकायचा, कधीकधी पुढे चिपळूणला. आठवड्यातले सहा दिवस. संध्याकाळच्या लिलावाला गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, उतरते, भरती असली तर मागची चाकं पाण्यात असतात, हे सांगून ठेवतो कारण कदाचित त्याचा संबंध असेल.

आवाज असा आहे की 45 पर्यंत काही नाही, 50 ला सुरू होतो, 60 ला चांगलाच वाढतो. एक्सलेटर दाबलेला असला तर जवळपास नसतोच, पाय काढला की लगेच हुंऽऽ असा, लांबून कोणी शंख फुंकतंय तसा. भरणे नाक्यावरून हायवेला लागलो की बाजूला बसलेल्या माणसाला पण ऐकू येतो. गाडी रिकामी असो की भरलेली, येतोच.

मागची हिस्ट्री. दिवाळीच्या सुमारास डिफ्रन्शियलच्या (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गोळा) तोंडाशी, म्हणजे जिथे इंजिनाकडून जॉइंट शाफ्ट येऊन मिळतो तिथे, तेल गळायला लागलं. एका गॅरेजमध्ये पिनियन ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं. तीन महिन्यांत परत ओलं. फेब्रुवारीत त्यांनीच परत नवीन सील टाकलं. आता परत तिथे तेलाचा थर आणि त्यावर धूळ. आवाज मार्चपासून सुरू झाला, म्हणजे दुसऱ्या सीलनंतर महिनाभराने.

तीन जणांना दाखवली आणि तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो क्राऊन पिनियन (डिफ्रन्शियलमधली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाची जोडी) गेला, सगळं मिळून 22 हजार. दुसरा म्हणतो मागचं हब बेअरिंग आहे. तिसरा म्हणतो 140 नंबरचं जाड तेल भर आणि चालव, काही होत नाही.

माझी अडचण अशी की 1 जूनपासून बंदी, दोन महिने गाडी तशीही उभीच राहणार, पण त्याच्या आधीचे हे तीन आठवडे म्हणजे वर्षाची कमाई आहे. तोपर्यंत काढली तर चालेल का, की रस्त्यात दगा देईल? भोस्ते घाट आणि परशुराम घाट भरल्या गाडीने उतरावे लागतात म्हणून जास्त काळजी वाटते.

मालवणकर७०
9 मे, रात्री 11:25

माझ्या गाडयेचो पण असोच आवाज येय होतो, मी डिफ्रन्शियल खोलूक निघालेलंय, मगे टायर बदलले आणि आवाज गेलो. मागचे टायर हाताने चाचपून बघ, एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने हात फिरवलास की टोचतात असे झाले असतील तर ते पण गाणं म्हणतात. आधी फुकटातलं बघून घे मग पैशाकडे जा.

डेपोतला काका
10 मे, सकाळी 6:15

अरे बाळा, हब बेअरिंगचं आणि टायरचं पहिल्यांदा बाजूला काढू या, म्हणजे उगाच हात घालायला नको. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं, आता रिटायर आहे, पण कान अजून शाबूत आहेत. तू जे लिहिलंस, पाय काढला की आवाज आणि दाबला की गप्प, ते टायरचं लक्षण नाही. टायर एक्सलेटरला ओळखत नाही. टायर रस्त्याला ओळखतो. हायवेला काँक्रीट संपून डांबर लागतं तिथे आवाजाची जात बदलली तर टायर, तसाच राहिला तर टायर नाही. हब बेअरिंग वळणाला ओळखतं. साठच्या स्पीडला मोकळ्या रस्त्यावर गाडी हळूच डावीकडे उजवीकडे घे, एका बाजूला वजन पडलं की आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो, असं झालं तर हब. आणि फक्त वळतानाच खडखड, सरळ जाताना काही नाही, तर आतले छोटे स्पायडर गिअर, कारण सरळ रस्त्यावर ते एकमेकांवर फिरतच नाहीत.

आणखी एक, सपाट हायवेवर, मागे कोणी नाही बघून, साठला गाडी न्यूट्रल कर, इंजिन चालू ठेवून. आवाज पूर्ण गेला तर गिअरबॉक्सकडे पण बघावं लागेल. थोडा बदलून राहिला तर मागेच आहे. हे घाटात करायचं नाही, अजिबात नाही.

आता गळतीबद्दल. तुझ्या पोस्टमध्ये मला आवाजापेक्षा ती गोष्ट जास्त खटकली. सील एकदा बदललं आणि गळलं तर सील खराब निघालं म्हणू. दोनदा बदलून गळतं तेव्हा सीलचा दोष नाही, आतून कोणीतरी तेल बाहेर ढकलतंय. हे कर: वीस पंचवीस किमी गाडी चालवून ये, थांबल्या थांबल्या डिफ्रन्शियलचा वरचा प्लग, म्हणजे तेल भरायचा, हळूच एक दोन आटे सैल कर. तोंड बाजूला ठेव, तेल गरम असतं. फुस्स करून हवा सुटली तर तुझा ब्रीदर बंद आहे. अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला एक बोटाच्या पेराएवढी टोपी असते, तो ब्रीदर. शंभरातले नव्वद ड्रायव्हर ती कधी बघत नाहीत आणि बरेच मेकॅनिक पण बघत नाहीत. आत तेल तापतं, हवा फुगते, टोपी बंद असली की हवेला वाट मिळत नाही आणि ती सीलमधून तेल घेऊन बाहेर येते. मग तू सोन्याचं सील टाक, गळणारच.

मग तेल काढ. वरचा प्लग पूर्ण निघतोय याची खात्री झाल्यावरच खालचा काढायचा, उलटं केलंस आणि वरचा जाम निघाला तर गाडी तिथेच बिनतेलाची बसेल. तेल स्वच्छ भांड्यात घे, तळहातावर घे, उजेडात बघ. खालच्या प्लगला लोहचुंबक असलं तर त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असतो, तो चालतो, झीज म्हणायची. पण बोटाला टोचणारे कण, चपटे तुकडे असतील तर गाडी हलवू नको.

शेवटचं, गाडीखाली शिरायचं असेल तर जॅकवर विसंबू नको आणि चिऱ्यावर तर मुळीच नको. आपल्याकडे सर्रास जांभ्याचे दोन चिरे लावतात आणि खाली झोपतात. जांभा कधी मधूनच फुटतो ते कळत पण नाही. जाड लाकडाचे ठोकळे किंवा स्टँड, अ‍ॅक्सलच्या नळीखाली, पुढच्या चाकांना ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडवण. मी एक माणूस त्या चिऱ्यापायी गेलेला बघितलाय, म्हणून सांगतो.

140 नंबर घालू नको. आवाज झाकतो फक्त.

दोन_वर्षं_चालवली
10 मे, सकाळी 9:50

एवढं घाबरायचं काय कारण नाही, माझी जीप डिफ्रन्शियलच्या आवाजावर दोन वर्षं चालली, काही झालं नाही, शेवटी तशीच विकली. तीन आठवडे आरामात निघतील.

डेपोतला काका
10 मे, सकाळी 10:20

दोन वर्षं चालली हे खरं असेल, आवाज बऱ्याचदा वर्षानुवर्षं तसाच राहतो. पण कुठला आवाज त्यावर आहे. दातांचा आवाज चालतो, सहसा गाडी अडवत नाही. पिनियनचं बेअरिंग फुटलं तर त्याचे रोलर दातांत जातात, पिनियन जाम होतो आणि मागची दोन्ही चाकं एकदम धरली जातात. घाटात भरली गाडी उतरताना ते झालं तर काय होईल ते मी लिहायला नको. पोरगं रोज दोन घाटांचं नाव घेतंय, त्याला बघितल्याशिवाय आरामात जा म्हणवत नाही मला.

हर्णैपिकअप
11 मे, रात्री 9:30

काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, एकेक लिहितो.

काँक्रीट आणि डांबर, दोन्हीकडे आवाज सारखाच. डावं उजवं करून फरक नाही. न्यूट्रलला थोडा मऊ झाला पण राहिला.

खेडहून परत आल्यावर बंदराच्या वरच्या रस्त्याला गाडी लावून प्लग सैल केला, फुस्स नाही हो, प्रेशर कुकरची शिट्टी सैल करताना येतो तसा लांबलचक आवाज आला, आणि थोडं तेल पण उडालं. ब्रीदरची टोपी शोधायला वेळ लागला कारण ती दिसतच नव्हती, त्यावर गंज आणि मिठाचा थर. आमच्या हौद्यातून बर्फाचं आणि मासळीचं खारं पाणी सतत टपकतं ते नेमकं त्याच्यावर पडतं. टोपी सोडवून घासली तर आत पुळण आणि मीठ जमून दगड झालेला. टाचणी घातली, टाचणी शिरेना.

आज सकाळी तेल काढलं. रंग बघून पोटात गोळा आला. दुधाच्या चहासारखं, आणि पहिल्यांदा चमचाभर तर नुसतं पाणीच आलं. चुंबकावर लेप होता, त्यात बारीक चकाकणारे कण आहेत पण मोठा तुकडा एकही नाही. चिमटीत घेतल्यावर थोडं खरखरतं.

जॉइंट शाफ्ट सोडून पिनियनचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची तबकडी, हाताने वरखाली हलवला तर टक टक लागतंय, अगदी थोडं, पण लागतंय. गोल फिरवताना एका ठिकाणी वाळूवरून फिरल्यासारखं वाटतं.

म्हणजे क्राऊन पिनियन गेलाच ना?

वाशिष्ठीकाठ
11 मे, रात्री 10:15

भाऊ, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. आम्ही चिपळूणचे, 22 जुलै 2021 ला आमची गाडी खेर्डीत पाण्याखाली गेली होती, पूर्ण. पूर ओसरल्यावर इंजिन खोललं, गिअरबॉक्सचं तेल बदललं, वायरिंग सगळं केलं, सीटा उन्हात टाकल्या. मागच्या अ‍ॅक्सलचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. दसऱ्याला आवाज सुरू झाला, तेल काढलं तर अगदी तू लिहितोयस तसं, चहा. तोपर्यंत बेअरिंगच्या रोलरवर देवीच्या व्रणासारखे खड्डे पडले होते.

पण आमची तर पुरात बुडाली, तुझी रोज बुडते हे तुला कळतंय का? बंदरावर येईपर्यंत तुझा अ‍ॅक्सल तापलेला असतो. तसाच गरम गरम समुद्राच्या पाण्यात उतरवलास की तो एकदम थंड होतो, आतली हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. ब्रीदर मोकळा असता तर हवा ओढली असती, तीही पाण्याच्या वर असती तर. ब्रीदर बंद, मग ती सीलच्या ओठातून पाणी ओढते. जाताना तेल बाहेर, येताना खारं पाणी आत. दिवाळीपासून हे चाललंय.

आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने तेव्हा ब्रीदरची टोपी काढून तिथे नळी बसवली आणि ती चासिसवरून वर, टेललाइटच्या मागे नेऊन तोंड खाली करून बांधली. तेव्हापासून पावसाळ्यात कितीही पाण्यातून गेलो तरी तेल स्वच्छ निघतं. नळी इंजिनच्या डिझेल लाइनला असते तसली तेलाला टिकणारी घे, साधी पाण्याची पारदर्शक पाइप कडक होऊन तडकते.

उद्यमनगर_ताई
12 मे, दुपारी 1:05

मी कोल्हापूरला गिअरच्या कामात आहे, माहेर गुहागर, त्यामुळे हर्णैचं नाव दिसलं की थांबून वाचते. दादा, क्राऊन पिनियन गेला असं आत्ताच म्हणू नका, बहुतेक वाचेल.

पाय काढल्यावरच आवाज का येतो ते सांगते. पिनियन दोन टेपर बेअरिंगवर उभा असतो. इंजिन ओढतं तेव्हा दातांच्या तिरकेपणामुळे पिनियन क्राऊनपासून लांब ढकलला जातो आणि तो जोर आतलं मोठं बेअरिंग घेतं. पाय काढला की चाकं इंजिनला ओढतात, जोर उलटा होतो, पिनियन क्राऊनकडे खेचला जातो आणि ते सगळं बाहेरच्या लहान बेअरिंगवर येतं, जे सीलच्या अगदी मागे असतं. म्हणजे तुमच्याकडे पाणी शिरलं तेच पहिलं त्याला लागलं. शिवाय त्याचा ताण सुटलेला असणार असा माझा अंदाज आहे, कारण फ्लँज वरखाली हलतोय. चांगल्या पिनियनला वरखाली शून्य खेळ असतो, गोल फिरवताना थोडा असतो तो दातांमधला, तो असायलाच हवा.

ताण का सुटला? सील बदलायला पिनियनचा मोठा नट काढावा लागतो. त्या नटाने नुसता फ्लँज धरलेला नसतो, दोन बेअरिंगमधला ताण पण तोच ठरवतो. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बेअरिंगच्या मध्ये एक चेपणारी नळी असते, क्रश स्लीव्ह म्हणतात, ती एकदा चेपली की परत फुगत नाही. नट काढायच्या आधी खूण करून परत तिथेच आणला तर निभावतं. खूण न करता लांब पाइप लावून अंदाजाने आवळला की दोनातलं एक होतं, जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, कमी आवळला तर पिनियन डुगडुगतो. तुमच्याकडे हे दोनदा झालं. नट परत सैल करून ताण कमी करता येत नाही, मग नवीन स्लीव्हच टाकावी लागते. काही गाड्यांत स्लीव्हऐवजी शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात, तुमच्यात काय आहे ते खोलल्यावर दिसेल.

आता खोलताना काय बघायचं. साइडच्या दोन बेअरिंगच्या कॅपना आधी पंचने खुणा करायला सांगा, डावी ती डावी आणि उजवी ती उजवी, त्या हाऊसिंगबरोबर एकत्र मशीन केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. पिनियनच्या डोक्याखाली जो शिम निघेल तो जपून ठेवायचा, जुनेच गिअर परत बसवणार असाल तर तोच शिम परत. दात नखाने तपासा. खरवडलेले, कड निघालेली, निळे पडलेले असतील तर सेट बदला, आणि सेट म्हणजे दोन्ही, क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडी लावलेली असते, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. नुसता गंजाचा तांबूस डाग असेल आणि नख अडकत नसेल तर वाचला.

बेअरिंग मात्र चारही नवीन, दोन पिनियनची दोन साइडची, आणि बाहेरच्या वाट्या पण नवीन. जुन्या वाटीत नवीन बेअरिंग घालू देऊ नका. बेअरिंग तेलात तापवून बसवतात, गॅसच्या ज्योतीने नाही.

मापाचं सांगते, कारण इथेच सगळे घाई करतात. पिनियन बसवल्यावर, क्राऊन बसवायच्या आधी, सील न लावता, तो हाताने फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचं. नवीन बेअरिंगला साधारण 2 ते 3 न्यूटन मीटर असतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. टॉर्क मोजायचं यंत्र नसलं तर एक सोपी गोष्ट आहे आणि ती तुमच्याकडे नक्की असणार, मासळी तोलायचा लटकता काटा. फ्लँजला दोरी गुंडाळा, दुसरं टोक काट्याला, आणि संथ ओढा. सुरुवातीचा झटका धरायचा नाही, फिरत असताना काटा काय दाखवतो ते धरायचं. दोरी मध्यापासून 5 सेंटीमीटरवर असेल तर 5 किलो म्हणजे जवळपास अडीच न्यूटन मीटर. नट थोडा थोडा आवळायचा, प्रत्येक वेळी मोजायचं. एकदा पुढे गेलात की नवीन स्लीव्ह.

मग क्राऊन बसवून दातांमधला खेळ डायल गेजने, बऱ्याच गाड्यांत 0.15 ते 0.20 मिमीच्या आसपास असतो, तीन चार ठिकाणी मोजून. शेवटी दातांची खूण. आमच्याकडे निळा लेप वापरतात, जुने फिटर मारुतीला लावतात तो शेंदूर तेलात कालवून लावतात, तोही चालतो, फक्त त्यात शिसं असतं म्हणून हात धुवून मगच जेवा. आठ दहा दातांना लावायचा, क्राऊनला लाकडाने थोडा अडवून पिनियन दोन्हीकडे फिरवायचा. खूण दाताच्या मध्यावर यायला हवी. मुळाशी गेली तर पिनियन फार आत आहे, टोकावर गेली तर फार बाहेर, आणि ते शिमनेच सुधारतं.

आणि बंदीपर्यंत काढू का, तर नका काढू. खरखर हाताला लागते म्हणजे रोलर सोलायला लागलेत.

हर्णैपिकअप
12 मे, रात्री 11:10

ताई, काका, वाशिष्ठीकाठ भाऊ, काय लिहू. घरी सगळ्यांनी बसून वाचलं. बाबा म्हणाले गाडी उद्यापासून उभी. चुलत भावाची गाडी अर्ध्या भाड्यावर घेतो, कमाई कमी होईल पण रोज गाडी घाट उतरेपर्यंत जीव टांगणीला नको. खेडला एक वयस्कर मिस्त्री आहेत, लेथवाले, त्यांच्याकडे डायल गेज आहे असं कळलंय.

हर्णैपिकअप
23 मे, संध्याकाळी 7:45

काम झालं, सांगायला उशीर झाला कारण बेअरिंगचा एक साइज कोल्हापूरहून मागवावा लागला.

मिस्त्रींना मी ताईंची पोस्ट मोबाईलवर वाचून दाखवली, मला भीती होती की रागावतील, पण त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले बरोबर लिहिलंय पोरीने, काटा घेऊन ये. खोलल्यावर निघालं ते असं. पिनियनचं बाहेरचं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर कर्रर्र, आणि रोलरवर ओळीने काळे खड्डे, एकेक खड्डा मोहरीएवढा. वाटीवर पण तेवढ्याच अंतराने तशाच खुणा, गाडी बंदरावर रात्रभर उभी असताना पाणी जिथे साचत होतं तिथे त्या पडल्या असं मिस्त्री म्हणाले. आतलं मोठं बेअरिंग त्यामानाने बरं, तरी बदललं. साइडची दोन्ही बदलली. नटाच्या कोपऱ्यांवर छिन्नीचे घाव होते, गोटी पाना न लावता ठोकून फिरवलेला. तो पण नवीन, स्लीव्ह नवीन, सील नवीन. फ्लँजवर सील जिथे घासतं तिथे बारीक खाच पडली होती, नखाला लागत होती, मिस्त्रींनी लेथवर घासून गुळगुळीत केली, म्हणाले हे केलं नसतं तर नवीन सील परत फाटलं असतं.

क्राऊन पिनियनला हलका गंजाचा डाग, नख अडकलं नाही. वाचला. शेंदूर लावून खूण बघितली, मी स्वतः बघितली, मध्यावर आली, जराशी आतल्या बाजूला. काट्यावर पाच किलोला शंभर ग्रॅम कमी असताना मिस्त्री थांबले. मी म्हटलं अजून थोडं, तर नको म्हणाले.

एकूण 9400 लागले, मजुरी आणि तेल धरून. तेल 80 डब्ल्यू 90 जाडीचं, जीएल 5 प्रतीचं घातलं. नळी टेललाइटच्या मागे नेली, आणि हौद्याचं खारं पाणी अ‍ॅक्सलवर पडू नये म्हणून खालून रबराची पट्टी लावून ते चाकाच्या मागे सोडलंय.

आवाज जवळपास गेला. पण पूर्ण नाही. 55 ते 58 च्या मध्ये, पाय काढल्यावर, कान देऊन ऐकलं तर थोडा आहे. काही चुकलं का आमचं?

उद्यमनगर_ताई
24 मे, सकाळी 8:30

चुकलं नाही दादा. पिनियन दोन तीन महिने सैल राहून चालला, तेवढ्या काळात दात त्या चुकीच्या जागी थोडे घासले गेले, आता त्याला परत योग्य जागी आणलंय तर दातांना ती जागा थोडी अनोळखी आहे. हा आवाज बहुतेक आहे तेवढाच राहील. वाढला तर सांगा, वाढायला नको. मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा, थांबायचं कुठे हे कळणारा माणूस आहे.

हर्णैगाव_नवीन
24 मे, सकाळी 11:40

मधेच विचारतो, माझ्या पण गाडीचं तसंच तेल गळतं. मेकॅनिक म्हणाला गिअरबॉक्स आणि डिफ्रन्शियल दोन्हीत जीएल 5 घालू, एकच डबा घेतला की झालं. चालेल का?

डेपोतला काका
24 मे, दुपारी 12:30

डिफ्रन्शियलला जीएल 5 हवंच, त्यातला पिनियन क्राऊनच्या मध्यापासून खाली सरकवून बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतात, आणि त्या घसरण्याला ती गंधक फॉस्फरसची दवा लागते. गिअरबॉक्सला मात्र पुस्तकात जीएल 4 लिहिलं असेल तर जीएल 4 च. बऱ्याच गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ती दवा मानवत नाही. आणि नवीन माणसा, तेल बदलायच्या आधी तुझी ती टोपी बघ.

हर्णैच्या पोरा, तुला दोनच गोष्टी. हे तेल 500 किमीवर काढ, नवीन बेअरिंगची पहिली झीज त्यात येते, काढून चुंबक बघ आणि फोटो टाक इथे. नंतर तुझ्या कामाला पुस्तकातले किलोमीटर धरू नको, बंदी लागताना एकदा आणि नारळी पौर्णिमेनंतर महिनाभराने एकदा, प्लग सैल करून चमचाभर तेल काढून रंग बघायचा, चहा दिसला की त्याच दिवशी बदल. आणि घाट उतरून बंदरावर आलास की लगेच पाण्यात घालू नको, वर पंधरा वीस मिनिटं उभी ठेव. लिलाव सुरू व्हायला तेवढा वेळ असतोच.

हर्णैपिकअप
30 मे, रात्री 10:05

काका, 520 किमी झाले. आज बंदीच्या आधीची शेवटची खेप टाकून तेल काढलं. रंग मधासारखा, पाणी नाही. चुंबकावर लेप आहे, बोटांत चोळून बघितला, खरखर नाही. सीलखाली बोट फिरवलं, कोरडं आहे. फोटो खाली टाकतोय, फोटोत उजवीकडे आहे ते जुनं बेअरिंग, मिस्त्रींनी परत दिलं ते.